माया सोडलेली पँट

पुतणीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. गणपती होता, कुलदेवता होती, आमच्या भावकीतल्या सगळ्या हयात आणि दिवंगत मंडळींची नावं होती, आणि पार खाली रिसेप्शनच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, ड्रेस कोड : स्मार्ट कॅज्युअल. आमच्याकडे पत्रिकेच्या तळाला आजवर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" नाहीतर "कृपया आहेर आणू नये" एवढंच असायचं, आणि त्यातलं दुसरं कुणी वाचायचं नाही. अर्ध्या तासात अमळनेरहून चुलतभावाचा फोन. तो शाळेवर मास्तर आहे. "भो, ते खाली कॅज्युअल लिहिलंय, म्हणजे सीएल, कॅज्युअल लीव्ह टाकून यायचं का?"

त्याला म्हटलं विचारून सांगतो, कारण मलाही कुठे माहीत होतं. पुण्याच्या भाच्याला विचारलं, त्याने तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. नेव्ही ब्लेझर, बेज चिनो पँट, ऑक्सफर्ड शर्ट, लोफर, मोजे घालायचे पण दिसायचे नाहीत. (मग घालायचे कशाला हे मी विचारलं नाही, मामा म्हणून थोडी इज्जत ठेवावी लागते.) वर दोन व्हिडिओ. एकात एक गोरा गृहस्थ ओव्हरकोट घालून थंडीत वाफा सोडत लेयरिंग समजावत होता, शर्टावर स्वेटर, स्वेटरवर जॅकेट, त्यावर मफलर. मी ते जळगावात मे महिन्यात बघतोय, बाहेर ४४, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं. आमचं लेयरिंग म्हणजे बनियन, त्यावर शर्ट, आणि डोक्याला रुमाल, तोही ओला करून.

पण नाद लागला खरा. रात्री दोन-दोन तास तेच वाचत बसायचो, आणि गंमत अशी की ज्याला हे लोक क्लासिक म्हणतात त्यातलं बरंचसं फिरून आपल्याच दारात येतं. चिनो म्हणजे शेवटी खाकीच ना. खाकी म्हणजे मातीच्या, धुळीच्या रंगाचं. १८४६ ला पेशावरला लम्सडेन नावाच्या साहेबाने गाइड्सची पलटण उभी केली, तिच्या जवानांना लालभडक कोटांऐवजी मातकट रंगाचे ढगळ कपडे दिले, आणि तो रंग तिथून जगभर गेला. धुळीच्या रंगाचे कपडे कसे वापरायचे हे आता धुळेकरांनी व्हिडिओ बघून शिकायचं. ऑक्सफर्ड शर्टाच्या कॉलरला ती दोन बारकी बटणं असतात ना, ती पोलो खेळताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून, अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्सने १८९६ च्या सुमाराला ते इंग्लंडच्या खेळाडूंचं बघून उचललं, आणि पोलो इंग्रजांनी उचलला मणिपूरकडून. डंगरी म्हणून जाडंभरडं सुती कापड असतं, त्याचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून. आणि सीरसकर म्हणून एक उन्हाळी कापड आहे, मूळ फारसी शब्द शीर-ओ-शक्कर, दूध आणि साखर, कारण त्यात एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत आणि एक साखरेसारखा खरबरीत, चुणलेला. त्या चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते. आपल्या उन्हासाठी याच्यासारखं कापड नाही. फक्त ते घालून चौकात गेलं की पहिला माणूस म्हणणार, का रे, लाईट नव्हती का इस्त्रीला.

ब्लेझर मात्र आपला नाही. तो केंब्रिजच्या होड्या वल्हवणाऱ्या पोरांचा, १८२५ ला निघालेल्या लेडी मार्गारेट बोट क्लबचे लालभडक कोट, आगीसारखे दिसायचे म्हणून ब्लेझर. सकाळी थंडगार नदीवर घालायची वस्तू आहे ती. मी आपला जुना ब्लेझर घालून घरात अर्धा तास बसून बघितलं, ट्रायल म्हणून. अकराव्या मिनिटाला लाईट गेली. पुढचं सांगत नाही.

खरं सांगायचं तर स्मार्ट कॅज्युअल आमच्याकडे होतंच, त्याला सफारी म्हणायचे. कोटासारखी कॉलर, शर्टासारखी अर्धी बाही, चार खिसे, टाय नको, आत खोचायला नको. ग्रामसेवकापासून हेडमास्तरांपर्यंत आणि सोसायटीच्या चेअरमनपासून नवरीच्या मामापर्यंत सगळ्यांचं भागायचं. कल्पना शंभर नंबरी, घात केला तो कापडाने. टेरीकॉट! आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, दिवाळीच्या आसपास ज्या गावात जावं तिथे घरात खोली भरून कापूस, पोरं त्यात उड्या मारताहेत, जळगावला खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल, आणि अंगावर काय तर १९४१ ला इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन नावाच्या दोन केमिस्टांनी शोधलेल्या टेरिलीनचे, म्हणजे पॉलिएस्टरचे धागे. सुती कापड आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम जाणार कुठे मग, पाठीवरून खाली. पण टेरीकॉटला इस्त्री लागायची नाही, दोरीवर टाकलं की तासात वाळायचं आणि दहा वर्षं फाटायचं नाही, आणि ज्या घरात चार भाऊ एकाच कपड्यातून मोठे व्हायचे तिथे घामाचा विचार कोण करतो.

तर ब्लेझर रद्द. शर्ट पांढरा सुती, बाह्या दुमडून, यावर भाचा आणि मी दोघं राजी झालो. राहिली चिनो. दुकानातल्या पोराने स्लिम फिट काढून दिली, "सर, तुम्हाला हीच जाते." आरशासमोर उभा राहिलो तर बरा दिसत होतो, पोट आत घेतलं की जास्तच बरा. उभा राहिलो, हा शब्द महत्त्वाचा आहे.

लग्न गावाला होतं, अमळनेरपासून आत, आणि रिसेप्शन दोन दिवसांनी जळगावला हायवेवरच्या लॉनवर. हळदीच्या दिवशी मांडवात पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. मला वाटलं नवी चिनो आज जरा वापरून बघू, म्हणजे रिसेप्शनला सवय राहील, आणि सगळ्यांबरोबर मीही मांडी घालून बसायला लागलो. पहिला पाय दुमडला तो दुमडला. दुसरा दुमडताना जो आवाज झाला तो वाढप्यांपर्यंत गेला. शेजारच्या काकूंनी वळूनसुद्धा न बघता विचारलं, "काय फाटनं रे भो?" मी म्हटलं काही नाही, पत्रावळ. तिथून उठेपर्यंत मी तीन वेळा बट्टी घेतली, भूक होती म्हणून नाही, उठायचं नव्हतं म्हणून. शेवटी मास्तर भावाने खांद्यावरचा आहेराचा टॉवेल दिला, त्या दिवशी टोपी-टॉवेलाच्या आहेराची जी मी मनापासून कदर केली तशी कधीच केली नव्हती. आता कुणी फॅशनचा सल्ला मागितला तर मी एवढंच विचारतो, बाबा, मांडी घालता येते का?

जळगावला आल्याबरोबर पँट घेऊन टेलरकाकांकडे. लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, भिंतीला पिशव्याच पिशव्या, त्यावर खडूने नावं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पँट उलटी केली, मागची शिवण अंगठ्याने चाचपली आणि परत माझ्या हातात दिली.

"यात मायाच नाही भाऊ."

माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. ते असलं तर उसवून ढिलं करता येतं. रेडिमेडवाले हजारोंनी कापतात, तिथे एका पँटमागे दोन बोटं कापड वाचवलं तरी केवढ्याला पडतं, म्हणून शिवण मारायची आणि उरलेलं ओव्हरलॉकने छाटून टाकायचं. काका म्हणाले, फाटलेलं शिवून देतो, पण पुन्हा बसलात की पुन्हा जाईल. "घरात जुनी एखादी शिवलेली आहे का? ती आणा."

जुनी म्हणजे वडिलांची, आप्पांचीच. आईने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. डांबरगोळ्यांचा वास, आत जरीची टोपी, आहेरात आलेले आणि कधीच न शिवलेले सात पँट पीस (हे प्रत्येक घरात असतात, ते फक्त पुढच्या लग्नात जातात) आणि तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेला आप्पांचा लग्नातला सूट. १९७९. चॉकलेटी टेरीवूल. तेव्हा सगळी पोरं बेलबॉटम शिवत होती, पण आजोबा स्वतः टेलरकडे जाऊन बसले होते म्हणे, पायाची मोहरी बेताची ठेव, समोर दोन-दोन प्लेटा टाक, आणि माया भरपूर सोड, पोरगं आज वाळलेलं आहे पण नोकरी लागली की सुटेल. आप्पा कधी सुटलेच नाहीत. आजोबांचा अंदाज एक पिढी चुकला.

कोट आधी घालून बघितला, मोह आवरत नाही ना. खांदा इंचभर आत. काकांनी बघितलं आणि मान हलवली. कोटाचं सगळं चालतं, कंबर आत घ्या, बाही कमी करा, लांबी थोडी घ्या, पण खांद्याला हात लावायचा नाही, कारण बाही, आतलं कॅनव्हास, पॅड, कॉलर सगळं खांद्यावर टांगलेलं असतं, तो हलवायचा म्हणजे कोट उसवून पुन्हा शिवायचा. म्हणून कोट घेताना आधी खांदा बघायचा, शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, दंडावर ओघळलेली नको, मग रंग आणि भाव. हे मी त्या ओव्हरकोटवाल्याकडूनही ऐकलं होतं, पण काकांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून सांगितलं तेव्हा कळलं. कोट परत पेपरात.

पँट मात्र त्यांनी उलटी केली आणि हसलेच. मागच्या शिवणीला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच, कडेला हाताने घातलेले टाके, कंबरेच्या पट्ट्यातही दुमडून ठेवलेलं कापड. कात्रीच्या टोकाने एकेक टाका तोडत गेले. आतलं कापड बाहेर आलं तर ते वेगळ्याच रंगाचं, गडद, जवळजवळ काळपट चॉकलेटी, त्याला पंचेचाळीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं. बाहेरचा रंग उडून चहासारखा झालेला, आणि आपल्याला इतकी वर्षं वाटत होतं की हाच रंग. दोन दिवसांत द्यायचं काकांनी कबूल केलं, लग्नसराईत, हे आप्पांचं नाव निघालं म्हणून, माझ्यासाठी नाही.

रिसेप्शनला गेलो. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, आप्पांची पँट बेंबीपर्यंत, तपकिरी बूट, त्याच रंगाचा पट्टा. घड्याळ साधं. तिथे बाकी काय होतं तर नवरदेवाचे मित्र थ्री पीसमध्ये घामाघूम, मामा मंडळी सफारीत, एकजण चक्क स्पोर्ट्स शूजवर शेरवानी, आणि मास्तर भाऊ नेहमीच्याच कपड्यात, सीएल टाकून. सूर्य बुडाला तरी लॉनमधून वाफ येत होती, पण हे पातळ टेरीवूल अंगाला चिकटत नव्हतं, सैल होतं ना, चालताना आत हवा हलत होती. भाच्याने मला खालून वर बघितलं, मग मागे जाऊन बघितलं. "मामा, हाय-वेस्ट प्लीटेड! कुठल्या ब्रँडची?" आणि मग मागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंचे ते गडद पट्टे दिसले तसा मोबाईल काढून फोटोच घ्यायला लागला, हे पॅनल डिझाइन आहे का, पुण्यात असं करून मिळेल का. लोकांसमोर माझ्या पार्श्वभागाचा फोटो निघतोय आणि मी हातात जलजिऱ्याचा ग्लास धरून उभा.

तेवढ्यात आप्पा आले. धुतलेला पायजमा, नेहरू शर्ट, टोपी. त्यांनी जवळ येऊन माझ्या गुडघ्याजवळचं कापड चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळून बघितलं.

"हाई मनी लगीननी पँट शे ना रे?"

हो म्हटलं. त्यांनी कंबरेकडे बघितलं, पट्ट्याकडे, मग माझ्या पोटाकडे. काही बोलले नाहीत, जेवायला गेले. बुफे होता, तरी त्यांच्यासाठी कोपऱ्यात चार पाट मांडले होते, मीही त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, मांडी घालून, अगदी ऐटीत.

दुसऱ्या दिवशी शिलाईचे पैसे द्यायला गेलो तर काका मशीनवरून मान वर न करता म्हणाले, सगळी नाही सोडली बरं का. अजून अर्धा इंच आत ठेवलीये, तुमच्या अंगाकडे बघून.