उजव्या कर्णिकेला घातलेला बांध

निपाणीजवळच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. फळ्यावर हृदय काढताना उजवी कर्णिका, म्हणजे वरचा उजवा कप्पा, मी झटकन उरकायचो. वरून एक महाशीर, खालून एक महाशीर, अंगभर फिरून आलेलं रक्त इथं जमतं आणि त्रिदली झडपेतून खालच्या कप्प्यात, जवनिकेत, उतरतं, एवढंच. सगळा वेळ डाव्या जवनिकेला, कारण जोर तिचा.

गेल्या श्रावणात शिकवता शिकवता धडधड सुरू झाली. खुर्चीत बसलो, घरी येऊन आडवा झालो, तरी तीच. मनगटावर बोट ठेवून मोजलं तर मिनिटाला १५०. धावल्यावर वाढलेले ठोके बसलं की हळूहळू उतरतात. हे संध्याकाळपर्यंत १५०वरच अडकलेले. तेव्हा मात्र भीती वाटली.

निपाणीत ईसीजी काढला. पट्टीवर करवतीच्या दातांसारख्या लाटा. तिथले डॉक्टर ‘एट्रियल फ्लटर’, म्हणजे कर्णिकेची फडफड, म्हणाले आणि बेळगावला पाठवलं.

बेळगावचे डॉक्टर कन्नड, पण मराठी स्वच्छ. बायकोनं आधी विचारलं, “काय वो डॉक्टर, ब्लॉकेज हाय काय?”

“नाही अक्का. गुऱ्हाळ बघितलंय ना? बैल चरकाभोवती फिरतो, तसं झालंय.”

कागद ओढून त्यांनी उजवी कर्णिका काढली, एकटीच, पानभर. वरची महाशीर शिरते त्या कोपऱ्यात सायनस गाठ. ठोक्याचा इशारा तिथून निघतो. कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी १९०७ साली तिचं वर्णन केलं. माझ्यात तो इशारा खाली पोचून विरत नव्हता, त्रिदली झडपेभोवती गोल गोल फिरत होता, मिनिटाला ३०० फेऱ्या. कर्णिकेखालच्या दुसऱ्या गाठीतून दोनातला एकच पुढं जवनिकेकडे सुटायचा, म्हणून १५०. झडप आणि खालची महाशीर यांच्यात एक अरुंद पट्टी असते. बैलाला तिथूनच जावं लागतं. “तिथं बांध घालायचा,” डॉक्टर म्हणाले.

त्याआधी ठोके आवरायच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, तीन आठवडे. कर्णिका नीट आकुंचली नाही तर रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. हे तीन आठवडे सगळ्यात जड गेले. मी तो कागद उशाखाली ठेवून झोपायचो. दुखणं कुठल्या कोपऱ्यात आहे ते दिसत होतं, त्याचाच आधार.

बांध घालायच्या दिवशी फक्त उजवी जांघ बधिर केली. शिरेतून तारा वर सरकवल्या. खालची महाशीर सरळ उजव्या कर्णिकेतच उघडते, त्यामुळे वाटेत काही छेदावं लागलं नाही. टोकाच्या उष्णतेनं ती पट्टी ठिपक्या-ठिपक्यानं भाजली. छातीत आग झाली, दोनतीनदा चांगलीच. मग पडद्यावरचे करवतीचे दात एकदम गेले आणि सुटे, शांत ठोके उमटले. ७२. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बांध दोन्ही बाजूंनी पक्का आहे का, हे तपासायला डॉक्टर आणखी बराच वेळ थांबले.

सहा तास पाय सरळ ठेवून पडलो, दुसऱ्या दिवशी घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या अजून चालू आहेत. पुढं वेगळी अनियमितताही येऊ शकते, म्हणून नाडी बघत राहायला सांगितलंय. धडधड असेल तर ती चालू असतानाच ईसीजी काढा, हेही त्यांनी बजावलं. थांबल्यावर पट्टीत काही सापडत नाही.

दिवाळीनंतर सातवीच्या वर्गात हृदयाचा पाठ आला. पूर्ण तास उजव्या कर्णिकेतच गेला. डाव्या जवनिकेला उद्या बघू म्हटलं.