मादागास्करची वालिहा आणि पॅरिसचा जॅझ

सध्या आमच्या कोथरूडच्या घरात जेफ जिल्सन वाजतोय आणि आई म्हणते हे काय लावलंयस. तर हा फ्रेंच पियानिस्ट आणि बँडलीडर, १९७०च्या आसपास मादागास्करला गेला आणि तिथल्या पोरांना घेऊन चक्क जॅझचा बँड उभा केला. त्यातला डेल राबेंजा सॅक्सोफोनही वाजवायचा आणि वालिहाही. वालिहा म्हणजे बांबूचं जाड नळकांडं, त्याच्या भोवती उभ्या तारा, पूर्वी बांबूचीच साल सोलून तार काढायचे, नंतर लोक सायकलच्या ब्रेकच्या वायरी उसवून लावायला लागले, जुगाड फक्त आपल्याकडेच असतो असं नाही!

आवाज थोडा संतूरसारखा, पण कोरडा. आणि ताल बऱ्याचदा सहाचा, त्यामुळे दादरा ऐकलेल्या माणसाचा पाय आपोआप हलतो.

आपल्याकडच्या बऱ्याच फ्यूजन कार्यक्रमांत तबला तोंडी लावण्यापुरताच असतो, नंतर ड्रमसेट सगळं गिळून टाकतो. जिल्सनच्या बँडमध्ये वालिहाचं तसं झालेलं वाटत नाही. १९७३ची एक रेकॉर्ड तर बासवाला सिल्व्हाँ मार्क आणि राबेंजा यांच्याच नावावर आली, तीही जिल्सनच्या स्वतःच्या पाम या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर, हे मला फार भारी वाटलं. हाच मार्क पुढे अमेरिकन गायिका नीना सिमोनबरोबर वाजला.

ऐकायचं तर हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर बास कळतच नाही.