धूर नव्हता, म्हणूनच

आखाडातला शेवटचा रविवार म्हणजे आमच्या धंद्याचा दसरा. श्रावण तोंडावर आला की अख्ख्या साताऱ्याला तंगडी आठवते. हायवेलगतच्या हॉटेलामागे पत्र्याची शेड आहे, तिथं बारा वर्षं कोळशाची भट्टी मी सांभाळतोय.

लोकांना वाटतं, धुराची चव पाहिजे तर धूर भरपूर पाहिजे. साफ चूक. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही; त्यात मांस कडवट होतं, जिभेवर काजळी बसते. मला लागतो तो निळसर, असून नसल्यासारखा. त्यासाठी बाभळीचा कोळसा राखेची साय धरेपर्यंत पेटू द्यायचा, निखारे एका अंगाला ओढायचे आणि वर आंब्याच्या दोनच ढलप्या ठेवायच्या, त्याही खडखडीत वाळलेल्या. मोबाईलवर सांगतात तशा पाण्यात भिजवल्या तर आधी नुसती वाफ निघते. कोळसेवाले तर पावसाळ्यात पोतं उघड्यावर ठेवतात, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच द्यायचे. रात्री राख काढायची, कारण ओल धरलेली राख पत्रा खाते. माझ्या आधीच्या कारागिराच्या आळसापायी भट्टीचा तळ चाळणीसारखा झाला होता. जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशनं घासायची, वरून तेलाचा हात. एवढं केलं की आग स्वच्छ लागते. बिनधुराची आग हाच माझा तोरा.

त्या संध्याकाळी पाऊस आडवा मारत होता. मालकांनी वाऱ्याकडच्या बाजूला ताडपत्री बांधली. भट्टीवर पाणी यायला लागलं तशी दुसरी बाजूही मीच बांधून घेतली. आठच्या सुमारास लाईट गेली. इन्व्हर्टरवर हॉलचे पंखे चालू राहिले, माझा एक्झॉस्ट बंद. गिऱ्हाइकाला घाम येऊ नये, कारागिराचं काय!

निखारे लालबुंद होते, धुराचा मागमूस नाही. मनात म्हटलं, अशी आग वर्षातून एकदा लागते.

"मामा, डोकं लय दुखतंय," हाताखालचं पोरगं म्हणालं. म्हटलं, सकाळपासून उपाशी आहेस, चहा मार. अर्ध्या तासानं ते कांद्याच्या पोत्यावर बसलं आणि ओकलं. माझीही कानशिलं ठणकत होती, पण चाळीस ऑर्डरी लागल्या होत्या. गटारीचे दिवस, म्हणून मी वाकून त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. तरी म्हटलं, नाटकं करू नको, शिगा भर.

ते उठलं आणि आडवं झालं.

भांडी घासणाऱ्या मावशींनी ताडपत्री फाडूनच काढली. आम्ही त्याला पावसात ओढलं, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले.

जवळच्या दवाखान्यात बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन ९८. पित्त झालंय म्हणून गोळी दिली. मावशी ऐकेनात, म्हणून शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोळसा कुठं पेटवला होता?" मग समजावलं. निखाऱ्याला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं, आणि बोटावरच्या त्या चिमट्याला दोघांतला फरक कळत नाही. रात्रभर मास्कमधून ऑक्सिजन दिला. सकाळी पोरगं पोहे मागायला लागलं.

धूर डोळ्यांत गेला असता तर मीच ताडपत्री उघडली असती. बारा वर्षं धूर घालवायला शिकलो, आणि त्या रात्री सावध करायला तोच नव्हता.

आता दोन्ही बाजू उघड्या असतात. सर आली की अर्धी भट्टी भिजते, कोळसा जास्त लागतो, मालक कुरकुरतात. पोरगं परत कामावर आलंय, शिगा भरता भरता बडबडही करतं. मी त्याचं तोंड का हुंगलं, एवढं मात्र त्यानं अजून विचारलेलं नाही.