वाडीपुरती कोय कलमं : यंदा कुठवर आलं

कोय कलम म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या जातीच्या झाडाची काडी बांधणं. कोयी मेअखेरीस जमवल्या. रायवळाच्याच, म्हणजे गावठी आंब्याच्या, आणि ताज्या. महिनाभर पडून राहिलेली कोय फारशी रुजत नाही. पाण्यात टाकून तरंगल्या त्या फेकल्या, उरलेल्या फुगीर बाजू वर ठेवून गादीवाफ्यावर लावल्या.

रोप 10 ते 15 दिवसांचं, पानं अजून तांबूस, तेवढ्यातच कलम बांधून घ्यायचं. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि जोड नीट धरत नाही.

पण खरी मेख काडीत आहे. बांधणाऱ्याच्या हाताचं कौतुक होतं. मर निघते ती बहुतेक वेळा चुकीच्या काडीमुळे. काडी तीन-चार महिन्यांची, 10 ते 15 सेंमी लांब आणि रोपाच्या जाडीची हवी. शेंड्याचा डोळा फुगलेला, पण फुटलेला नको. आठ-दहा दिवस आधी झाडावरच पानं कापायची आणि देठ ठेवायचे. बोट लावताच देठ गळला की काडी तयार. ती दरवर्षी धरणाऱ्या झाडाचीच घ्या, नुसत्या दाट पालवीवर भुलू नका.

रोप कोयीच्या वर 6-7 सेंमीवर छाटून मधोमध 4-5 सेंमी चिरलं. काडीला तेवढीच पाचर. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडायलाच हवी. प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट ओढली, कारण पाणी शिरलं की जोड कुजतो. वर पेप्सीची (बर्फाच्या कांडीची) लांबट पिशवी टोपीसारखी घातली. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटू लागले की ती काढायची. जोडाखालचे फुटवे दिसताच खुडायचे, नाहीतर रायवळच वाढतो.

वाडीत सगळ्यांना हापूसच हवा असतो. तरी दहातलं एखादं कलम केसर किंवा रत्नाचं देतो. हापूसला स्वतःच्या परागावर फळ कमी धरतं, शेजारी दुसरी जात असली की फायदा होतो. रत्ना ही निलम आणि हापूसच्या संकरातली, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 1981 ची जात. तिच्यात साका (फळाच्या आतला गर खराब होणं) होत नाही, हे सांगितलं की लोक नाराज होत नाहीत.

प्रत्येक कलमाला जात आणि मातृझाडाची खूण लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे. कोवळ्या कलमात हापूस की केसर ओळखू येत नाही, आणि फळ धरेपर्यंत चार-पाच वर्षं जातात. पट्ट्या दोन-तीन महिन्यांनी सोडायच्या. राहिल्या तर खोडात रुततात. वाटप पुढच्या जूनमध्ये.