"तुमची काही हरकत नाही ना?"

माझ्या थोरल्या भावाने काही वर्षांपूर्वी नेमबाजीच्या हौसेपायी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा पडताळणीसाठी घरी आलेल्या अधिकाऱ्याने आम्हा सर्वांना एकाच खोलीत बसवून घेतले. दादा मधोमध, एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला मी. शस्त्र कशासाठी हवे, ते कुठे ठेवणार, पूर्वी काही गुन्हा दाखल आहे का, असे पाऊण तास दादाला विचारून झाल्यावर कागद आवरता आवरता त्यांनी वहिनींकडे पाहून म्हटले, "तुमची काही हरकत नाही ना?" वहिनी म्हणाल्या, "नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मीही मान हलवली. घरच्या माणसांची चौकशी तेवढ्यात आटोपली.

तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि त्याचे पहिले कारण व्याकरणाचे आहे. 'हरकत आहे का' असे विचारले तर होकार आणि नकार ही दोन्ही उत्तरे ऐकणाऱ्यापुढे मोकळी असतात. 'हरकत नाही ना' असे विचारले की उत्तर विचारणाऱ्यानेच देऊन टाकलेले असते आणि समोरच्याने फक्त त्याला दुजोरा द्यायचा असतो. पाहुण्याला खिडकी लावून घेऊ का असे विचारताना हा 'ना' सौजन्याचा वाटतो. ज्या घरात उद्या बंदूक येणार आहे त्या घरातल्या स्त्रीला, तिच्या नवऱ्याच्या देखत विचारताना तो दडपणाचा होतो, मग विचारणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

घरच्यांना विचारायचे तरी कशाला, पोलिसांकडे नोंदी असतातच, असे काही जण म्हणतात. परंतु नोंद होते ती तक्रार झालेल्या गोष्टीची. दारूचे प्रमाण केव्हा वाढले, भांडणात ताट केव्हा भिरकावले गेले, माणूस रात्र रात्र जागा केव्हापासून राहू लागला, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे तो कोणत्या सुरात म्हणाला, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्याला ठाऊक असते. दुसरे असे की शस्त्राचा धोका प्रथम याच माणसांना असतो. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळातील सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे स्वतःचे पिस्तूल नव्हते, परंतु जे पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहत होते, त्यांचा खून होण्याचे प्रमाण, पिस्तूलधारकाबरोबर न राहणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक आढळले. जोडीदाराकडून घरातच गोळी घालून मारले जाण्याचे प्रमाण तर सुमारे सातपट होते, आणि त्या बळींत ८४ टक्के स्त्रिया होत्या. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याच्या जिवाचा प्रश्न असताना त्याला निघता निघता विचारणे मला तरी पटत नाही.

इंग्लंडमधील प्लिमथ येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुणाने पाच जणांना गोळ्या घालून ठार मारले. त्यातला पहिला बळी त्याची आई होती. मारहाणीच्या प्रकरणानंतर त्याची बंदूक आणि ती बाळगण्याचे प्रमाणपत्र पोलिसांनी काढून घेतले होते, आणि ते त्याला अवघ्या महिनाभरापूर्वी परत मिळाले होते. त्यानंतर तेथील मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि विशेषतः घरगुती अत्याचाराचा पुरावा किंवा संशय असेल तेव्हा जोडीदाराशी आणि घरातील इतरांशी बोलावे, असे त्यांत आले. मात्र विचारण्यासाठी संशयाची वाट पाहणे मला उलटे वाटते, कारण पुष्कळदा संशयाला जागा आहे हे कळण्याचा मार्गच घरच्या माणसाशी बोलणे हा असतो.

ज्याला जवळचे कोणी नाही अशा अर्जदाराचे काय, हा प्रश्न न्यूझीलंडच्या अनुभवातून पुढे येतो. क्राइस्टचर्चमधील दोन मशिदींवर १५ मार्च २०१९ रोजी हल्ला करून ५१ जणांना ठार मारणाऱ्याने परवान्याच्या अर्जात जवळची नातेवाईक म्हणून बहिणीचे नाव दिले होते. ती दुसऱ्या देशात राहत असल्याने तिची मुलाखत झाली नाही; तिच्याऐवजी संगणकीय खेळांतून ओळख झालेल्या एका मित्राचे म्हणणे ग्राह्य धरण्यात आले. या मित्राला अर्जदार खरोखर किती ठाऊक आहे, हे पुरेसे तपासले गेले नाही, असा ठपका चौकशी आयोगाने २०२० मध्ये ठेवला. जवळचा माणूस विचारायचा तो त्याच्या जवळीकीसाठी, आणि ती जागा नुसत्या नावाने भरली की चौकटीत खूण होते, चौकशी होत नाही.

कॅनडाची पद्धत मला अधिक विचारपूर्वक बेतलेली वाटते. तिथे अर्जात सध्याच्या जोडीदाराबरोबरच गेल्या दोन वर्षांतील माजी जोडीदारांचीही माहिती द्यावी लागते आणि त्यांच्या सह्या मागितल्या जातात. सही नाही म्हणून अर्ज आपोआप नामंजूर होत नाही. परंतु मग अर्जाची खबर त्या व्यक्तीला देण्याचे कर्तव्य अधिकाऱ्यावर येते. शेजारी, समाजसेवक, एकत्र राहणारे वा काम करणारे, माजी जोडीदार आणि अर्जदारावर अवलंबून असलेली माणसे या सर्वांच्या मुलाखती घेण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. यातला बारकावा असा की परवाना नाकारण्याचा भार पत्नीच्या खांद्यावर पडत नाही. तिला सांगायचे असेल तर वाट मोकळी असते, आणि निर्णय मात्र अधिकाऱ्याचा राहतो.

विचारायचे कसे, यावर सगळे अवलंबून आहे. अर्जदार घरात नसताना, प्रत्येकाला वेगळे, आणि शक्य तर समोरासमोर. दूरध्वनीवर बोलताना पलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही. प्रश्नही मताचे नकोत, घडलेल्या गोष्टींचे हवेत. 'त्यांचा स्वभाव कसा आहे' याला 'चांगला' हेच उत्तर मिळणार. 'शेवटचे मोठे भांडण केव्हा झाले आणि त्यानंतर ते काय करत होते' याला काहीतरी सांगावेच लागते. एक साधा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते? जिथे शस्त्र केवळ परवानाधारकाच्याच हाती पडावे असा नियम असतो, तिथे याचे योग्य उत्तर 'मला माहीत नाही' हे आहे. 'दिवाणखान्यातल्या वरच्या खणात' असे कोणी मदत करण्याच्या उत्साहात सांगितले, तर नियम मोडल्याची कबुली त्याने नकळत दिलेली असते. घरात अल्लड वयाची मुले असतील तर हा प्रश्न त्यांनाही विचारावा. किल्ल्यांच्या जागा त्यांना मोठ्यांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

यावरचे आक्षेप पोकळ नाहीत. घटस्फोटाच्या वादात अडकलेली व्यक्ती सूडाने खोटे सांगू शकते, आणि अर्ज नामंजूर झाला तर कारण जाणून घेण्याचा अर्जदाराचा हक्कही खरा आहे. पण घरात दोनच माणसे असतील तर 'कोणी तरी सांगितले' याचा अर्थ लावायला नवऱ्याला कितीसा वेळ लागणार? म्हणून घरच्या माणसाचे बोलणे हा चौकशीचा आरंभ मानावा आणि निर्णय शक्यतो स्वतंत्रपणे पडताळता येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे वैद्यकीय माहितीवर, जुन्या तक्रारींवर, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर टेकवावा. हे प्रत्येक वेळी साधेल असे नाही. जिथे साधणार नाही तिथे चूक कोणत्या बाजूला झालेली परवडेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकाची हौस लांबणीवर पडते, दुसऱ्याचा जीव जातो.

आमच्या घरात हिंसेची भीती कोणालाच नव्हती. दादा मारकुटा नाही, शब्दानेही नाही. पण त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती आणि तो पहाटेपर्यंत अंधारात बसून असे, हे मला आणि वहिनींना माहीत होते. बंदुकीचा धोका नेहमी दुसऱ्यालाच असतो असे नाही, हे त्या खोलीत आम्हा दोघांच्या मनात आले असणार, पण ते त्याच्या समोर उच्चारणे म्हणजे त्याचा अपमान करणे ठरले असते. आठवड्याभराने वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, तुम्हाला एकट्याला विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं तुम्ही?" मी म्हटले, त्याच्या जागरणाचे सांगितले असते. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा."

परवाना मिळाला. दादाला पुढे दुसरी नोकरी लागली, झोपही परतली आणि वावगे काही घडले नाही. त्याचे श्रेय त्या पडताळणीला मात्र देता येणार नाही.

आता नूतनीकरणाची वेळ आली आहे. मधल्या काळात घरात माणसे वाढली, दादाचे वय वाढले, औषधे सुरू झाली. म्हणजे घर पूर्वीचे राहिलेले नाही आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे. या वेळी अधिकारी आले की सर्वांशी वेगवेगळे बोला, असे त्यांना मी स्वतः सांगणार आहे, असे मी वहिनींना म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू, मीच सांगेन. पण तेव्हा हे घरात नसू देत."