एंगाकुजी ते तोशोजी: होजो घराण्याच्या मागावर कामाकुरात एक दिवस

जपानमधल्या कामाकुराला जाणारे बहुतेक जण थेट मोठ्या बुद्धाकडे धाव घेतात. होजो घराणं समजून घ्यायचं असेल तर एक स्टेशन आधी, किता-कामाकुराला उतरा. तोक्योहून योकोसुका लाइनची थेट गाडी साधारण ५० मिनिटांत पोचवते. सामान घेऊन येऊ नका, दिवसभर पायऱ्याच पायऱ्या आहेत.

स्टेशनाला अगदी लागूनच एंगाकुजी. १८८९ मध्ये आलेला लोहमार्ग देवळाच्या आवारातूनच गेलाय, त्यामुळे दारापुढचं तळं आज रुळांच्या पलीकडे पडलंय. प्रवेश ५०० येन, रोख जवळ असू द्या.

होजो कधीच शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, झाले नाहीत. शोगुनच्या नावाने, शिक्केन (कारभारी) म्हणून त्यांनी राज्य चालवलं. आठवा शिक्केन तोकिमुने याने १२७४ आणि १२८१ ची मंगोल आक्रमणं परतवली आणि १२८२ मध्ये चिनी झेन गुरू मुगाकु सोगेन यांच्या हस्ते हे मंदिर स्थापलं. प्रार्थना स्वपक्षाच्या मृतांसाठी होती, तशीच शत्रूच्या मृतांसाठीही. एवढं एक लक्षात ठेवून आत शिरलात तरी पुरे.

भव्य सानमोन दरवाजा १७८५ चा. मागचं बुद्धमंदिर १९२३ च्या भूकंपात कोसळलं. आताचं १९६४ चं, काँक्रीटचं. जुनं लाकूडकाम बघायचं तर शारिदेन, म्हणजे बुद्धाच्या अवशेषाचं मंदिर. पण ते एरवी बंद असतं आणि दारातून जेमतेम छप्पर दिसतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते काही दिवस उघडतात, जमलं तर तेव्हाच या. तोकिमुनेची समाधी आवारातल्या बुत्सुनिचिआन या उपमंदिरात आहे. तिथे वेगळे पैसे पडतात.

घंटा मात्र चुकवू नका. उजवीकडच्या सुमारे १४० उभ्या पायऱ्या चढून गेलं की १३०१ ची, तोकिमुनेचा मुलगा सादातोकी याने ओतवलेली, सुमारे २.६ मीटर उंचीची घंटा समोर येते. पावसात दगड निसरडे होतात. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

रुळांपलीकडे तोकेइजी आहे. तोकिमुनेच्या पत्नीने, भिक्षुणी झाल्यावर, १२८५ मध्ये स्थापलेलं. नवऱ्यापासून सुटका हवी असलेल्या बायकांना इथे शतकानुशतकं आसरा मिळाला. पुढे रस्त्याने १५ मिनिटांवर केन्चोजी, तोकिमुनेचे वडील तोकियोरी यांनी १२५३ मध्ये बांधवलेलं. फूटपाथ अरुंद आहे, एकामागोमाग एक चाला.

शेवट कामाकुरा स्टेशनच्या पूर्वेला. होजोंच्या वाड्याच्या जागी आज होकाइजी मंदिर आहे. तिथून नामेरिकावा नदी ओलांडली की तोशोजी या नष्ट झालेल्या मंदिराची मोकळी जागा लागते. १३३३ मध्ये होजोंचा शत्रू नित्ता योशिसादा याची फौज शहरात घुसली तेव्हा होजोंचा प्रमुख ताकातोकी आणि त्याच्या ८०० हून अधिक माणसांनी इथेच प्राण दिले, असं सांगतात. इथे तिकीट नाही, दुकान नाही. वर ताकातोकीच्या स्मृतीची गुहा आहे, तिकडची वाट दरडीच्या भीतीने बंद असेल तर अडसर ओलांडू नका.

उलट दिशेने निघालात तर एंगाकुजीला पोचेपर्यंत दार बंद झालेलं असेल. ते साडेचारला, हिवाळ्यात चारलाच बंद होतं.