पसरलेला नाही, दुसरा आहे

मंगळवार, रात्री ११

परळहून डोंबिवलीला पोहोचेपर्यंत काकांचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच होता, "म्हणजे कॅन्सर किडनीपर्यंत पसरला का गं?" पसरलेला नाही, हे भरल्या डब्यात चारचौघांदेखत मोठ्याने सांगावे लागले. काकांचाही दोष नाही. स्कॅनच्या अहवालात एका केंद्राने प्रश्नचिन्ह लावून 'मेटास्टॅसिस', म्हणजे मूळ जागेहून पसरलेला कर्करोग, असे लिहून ठेवले आणि तो कागद कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचला.

बाबांना मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. मणक्यांसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडावर ३.२ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि बायोप्सीत ती रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे मूत्रपिंडाचाच वेगळा कर्करोग, निघाली. मायलोमाच्या पेशी तिच्यात नाहीत. लिम्फोमा किंवा सीएलएल हे रक्तपेशींचे इतर कर्करोग असलेल्यांतही अशी जोडी आढळते, आणि रक्ताच्या आजारासाठी वारंवार स्कॅन होत असल्यामुळे एरवी निमूट राहिलेली गाठ उघडकीस येते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

खरा पेच उपचारांच्या क्रमाचा आहे. मायलोमातील लाइट चेन नावाची प्रथिने मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकून त्या निकामी करू शकतात, आणि बाबांचे क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढते, आधीच १.७ आहे, त्यामुळे अख्खे मूत्रपिंड काढणे परवडणारे नाही, शक्य झाल्यास केवळ गाठच काढायची. चार सेंटिमीटरच्या आतली गाठ बहुधा सावकाश वाढते, तेव्हा नियमित स्कॅन करत काही महिने थांबता येईल, असे युरोलॉजिस्ट म्हणाले. मायलोमावरची बोर्टेझोमिबची इंजेक्शने मात्र आता थांबवू नयेत, असे हिमॅटॉलॉजिस्टांचे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांचे, मत पडले. मला हे पटले, तरी कर्करोग ठाऊक असून थांबायचे, हे पचायला जड गेले.

बाबांनी बेस्टमध्ये एकतीस वर्षे कंडक्टरकी केली. दोन्ही डॉक्टरांचे ऐकून घेऊन ते म्हणाले, "पुढच्या स्टॉपला ज्याला उतरायचंय, त्याला आधी दाराशी येऊ द्या." डॉक्टर हसले.

घरी आल्यावर त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात डायक्लोफेनॅकची पट्टी सापडली, दोन गोळ्या संपलेल्या. पाठदुखीसाठी शेजाऱ्यांनी दिल्या, म्हणाले. या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर आणखी ताण येतो, हे पहिल्याच भेटीत बजावलेले होते. मी पट्टी कात्रीने कापून कचऱ्यात टाकली आणि फाइलच्या मुखपृष्ठावर लाल पेनाने तिचे नाव लिहून त्यावर फुली मारली.